‘याची सवय लागत नाही’: एका चिकाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दुबईच्या बहिणीला फराळ पाठवायचा होता. कुरियरच्या दुकानातल्या मुलाने एकेक डबा उघडून पाहिला. चकली, शेव, बेसनाचे लाडू, सगळं मान्य. अनारसा मात्र त्याने नखाने टोकरला आणि म्हणाला, "काका, खसखस नाही चालणार. तिकडे पकडतात." आईला वाटलं पोरगं थट्टा करतंय. "अनारशाला खसखस नाही लावायची तर काय मोहरी लावू?" पण तो थट्टा करत नव्हता. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. कारण खसखस हे अफूच्या बोंडातलं बी.

बियांत नशा जवळजवळ नसतेच, म्हणून आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड मिळते. नशा असते बोंडाच्या सालीतल्या पांढऱ्या चिकात. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे आणि राजस्थानात चित्तोडगढ-प्रतापगढकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. पाकळ्या गळून गेल्या की हिरव्या बोंडांना बारीक चिरे देतात. रात्रभर चीक पाझरतो, हवा लागून तपकिरी होतो आणि सकाळी ऊन चढायच्या आत खरवडून घेतात. शेतकऱ्याने तो सगळा सरकारलाच मोजून द्यायचा. तो नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत जातो, तिथे त्यातून औषधांसाठी मॉर्फिन, कोडीन वगैरे काढतात. गाझीपूरचा कारखाना १८२० पासूनचा आहे, म्हणजे पेशवाई बुडाल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हाचा.

दारू, गांजा, कोकेन, एमडी यांचं प्रत्येकाचं गणित वेगळं आहे, सगळ्यांना एका माळेत ओवलं की कशाचंच नीट कळत नाही. म्हणून इथे फक्त या चिकाचं घराणं घेतो: अफू, मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन म्हणजेच गर्द, आणि प्रयोगशाळेत जन्मलेली त्यांची भावंडं. हे घराणं निवडायला आणखी एक कारण आहे. गेल्या दोनशे वर्षांत यातलं प्रत्येक नवं रूप बाजारात येताना कोणीतरी शहाणा माणूस म्हणालाच आहे, "याची सवय लागत नाही."

आधी शरीरात काय होतं ते बघू.

एका रोपाचा चीक माणसाच्या मेंदूवर एवढा चालतोच कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही छळत होता. १९७३ साली उत्तर मिळालं. आपल्या मेंदूच्या पेशींवर या रसायनांसाठी जणू कुलपं आहेत, आणि मॉर्फिनची किल्ली त्यांत नेमकी बसते. मग पुढचा प्रश्न: ही कुलपं निसर्गाने कशाला ठेवली? अफूसाठी तर नक्कीच नाही. दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला शरीराच्या स्वतःच्या किल्ल्या सापडल्या. आपलं शरीर स्वतःची वेदनाशामकं बनवतं, थेंबाथेंबाने, गरजेपुरती. ठेच लागल्यावर पहिली सणक ओसरते तेव्हा त्यात त्यांचा हात असतो. अफूचा चीक ही या कुलपांची चोरकिल्ली. तिला थेंबाचा हिशोब माहीत नाही.

ही कुलपं एकाच ठिकाणी नाहीत, आणि घोळ तिथेच आहे. काही वेदनेच्या वाटेवर आहेत, तिथे किल्ली फिरली की दुखणं बंद. काही सुखाच्या वाटेवर. काही आतड्यांत, म्हणून अफू खाणाऱ्याला कायमचा बद्धकोष्ठ. आणि काही मेंदूच्या तळाशी, जिथून श्वास चालतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र "घे श्वास" असा हुकूम सोडतं. तुम्ही आत्ता श्वास रोखून धरलात तर थोड्याच वेळात जीव कासावीस होतो, तो हाच हुकूम. चिकाचं घराणं हा हुकूम ढिला करतं. माणूस झोपतो, श्वासांमधलं अंतर वाढत जातं, आणि कासावीस व्हायला पाहिजे ती जाणीवच जागी नसते. गर्दने माणूस मरतो तो बहुतेक वेळा असा, शांतपणे, घोरता घोरता.

आता रूपं बदलत कशी गेली ते.

अफू आपल्याकडे अरबांबरोबर आली. ‘अफयून’वरून अफू, आणि संस्कृत पंडितांनी त्याच शब्दाला धोतर नेसवून ‘अहिफेन’ केलं, म्हणजे सापाचा फेस. खोकला, जुलाब, दुखणं, सगळ्यावर वैद्य-हकीम ती देत. बायकाही देत, लेकरांना. माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. ती सांगायची, गिरणीच्या खात्यात कामाला जाणाऱ्या बायका पाळीवर निघताना तान्ह्याला मोहरीएवढी अफू चाटवायच्या. बाळागोळी म्हणत तिला. दहा-दहा तास मूल रडत नसे. घरी बघायला कोणी नाही, कामावर नेता येत नाही, मग करायचं काय? "काही पोरं उठायचीच नाहीत," एवढं सांगून आजी विषय बदलायची. आज आपण राजकारण्याला "लोकांना अफूची गोळी देतोय" म्हणतो तेव्हा त्या बोलण्यामागे खरीखुरी गोळी होती, हे विसरलेलोच असतो.

कच्च्या अफूची एक अडचण होती: कुठल्या चिकात जोर किती, याचा नेम नाही. १८०४-०५ च्या सुमाराला जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या झेर्टुर्नर नावाच्या विशीतल्या तरुणाने चिकातला असली गुण वेगळा काढला. आधी कुत्र्यांना देऊन पाहिला. पुढे स्वतः घेतला आणि तीन पोरांनाही दिला. चौघांची अवस्था इतकी वाईट झाली की शेवटी व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या. ग्रीकांच्या स्वप्नदेवाच्या, मॉर्फियसच्या नावावरून त्याने पदार्थाचं नाव ठेवलं. हेच मॉर्फिन. १८५३ च्या आसपास इंजेक्शनची सुई आली आणि काही डॉक्टरांनी असा तर्क लढवला की औषध पोटात गेलं नाही तर त्याची भूक लागणार नाही, म्हणजे सुईने दिलेल्या मॉर्फिनची सवय लागणार नाही. झालं उलटंच. जितकं लवकर मेंदूत पोचतं तितकं ते जास्त चटकवतं.

हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा याच नियमाची आहे. १८७४ मध्ये लंडनला एका रसायनतज्ज्ञाने मॉर्फिनच्या रेणूला दोन छोटी शेपटं जोडली. तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने तोच पदार्थ पुन्हा बनवला. त्याच महिन्यात, त्याच माणसाने, अ‍ॅस्पिरिनही बनवली. डोकेदुखीची गोळी आणि गर्द ही एकाच टेबलावरची, दोन आठवड्यांच्या अंतराची भावंडं आहेत. कंपनीला त्या वेळी जास्त भरवसा दुसऱ्या भावंडावर होता. १८९८ पासून ते ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्याचं औषध म्हणून विकायला आलं. क्षयाच्या आणि न्यूमोनियाच्या खोकल्याने तेव्हा माणसं हैराण होती, त्यामुळे ते खपलंही. मॉर्फिनपेक्षा निर्धोक, सवय न लावणारं, असा त्याचा बोलबाला झाला. १९१३ मध्ये कंपनीनेच ते बनवणं थांबवलं. त्या दोन शेपटांमुळे हेरॉइन मेंदूत फार झटकन शिरतं, आणि आत गेल्यावर शेपटं गळून पडतात आणि पुन्हा मॉर्फिनच उरतं. बैलगाडीने येणारा पाहुणा मोटारीने आला, एवढाच फरक.

मधल्या काळातलं एक प्रकरण आपल्या घरचं आहे आणि शाळेत ते घाईघाईने उरकतात. चिनी चहाचे पैसे चांदीत मोजायचे नव्हते म्हणून इंग्रजांनी चीनमध्ये अफू ओतली, एवढं आपल्याला माहीत असतं. पण बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत होती, तर माळव्याची नव्हती. माळवा शिंदे-होळकरांचा. तिथली अफू उज्जैन-इंदूरच्या सावकारांमार्फत, कंपनीचा डोळा चुकवून, पोर्तुगीजांच्या दमणला जाई. अडवून जमेना तेव्हा कंपनीने धंदेवाईक शहाणपण केलं: पेटीमागे परवाना-फी घ्या आणि माल मुंबईतून जाऊ द्या. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची चोरवाटही बुजली. मुंबईच्या बंदराला, गोद्यांना, पेढ्यांना या पेट्यांनी बाळसं आणलं. सर जमशेदजी जीजीभॉय यांचा चीनचा व्यापार कापसाबरोबर अफूचाही होता. त्याच संपत्तीतून आपल्याला जे. जे. रुग्णालय मिळालं आणि जे. जे. कला महाविद्यालयही. त्या काळात हा व्यापार कायदेशीर होता आणि करणारे एकटे जमशेदजी नव्हते, म्हणून आज त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात मला अर्थ वाटत नाही. पण मुंबई फक्त कापसावर उभी राहिली असं म्हणणं ही अर्धी गोष्ट झाली.

पलीकडच्या टोकाला, १८३९ मध्ये, लिन झश्वी नावाच्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून हूमेनच्या किनाऱ्यावर खड्ड्यांत चुना-मीठ घालून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटलं, चीन हरला, हाँगकाँग गेलं.

आणि मग हे चिकाचं प्रकरण फिरून घरी आलं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तिकडच्या अफूची वाट पाकिस्तानमार्गे मुंबईकडे वळली. ती कच्ची अफू म्हणून आली नाही, मातकट रंगाची भुकटी होऊन आली. ब्राउन शुगर. आपण म्हणू लागलो गर्द, आणि ओढणारा तो गर्दुल्ला. गिरण्यांचा संप १९८२ मध्ये सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. चाळीच्या जिन्याखाली सिगारेटच्या पाकिटातले चंदेरी कागद सापडायचे, मधोमध काळी जळकी रेघ असलेले. आम्ही पोरं ते चेंडू करायला गोळा करायचो. एका संध्याकाळी शेजारच्या नानांनी माझ्या हातातून तो चेंडू हिसकावून घेतला आणि एक शब्द न बोलता नळावर माझे हात साबणाने धुतले. त्यांचा थोरला मुलगा ओढायचा, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पहिल्या पुड्या फुकटच्या असत. आठ-पंधरा दिवसांत माणूस पुडीला बांधला जाई. कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. रोज बाहेरून भरमसाट किल्ल्या यायला लागल्या की शरीर म्हणतं, मग मी कशाला बनवू? स्वतःचा कारखाना मंदावतो, कुलपंही बोथट होतात. तेवढ्याच पुडीने काही वाटेनासं होतं, मग दोन लागतात. आणि पुडी मिळाली नाही की ‘टर्की’ येते, हा गर्दुल्ल्यांचाच शब्द. टर्कीची लक्षणं पाठ करायची गरज नाही, चीक जे करतो त्याच्या बरोबर उलट धरून चाला. बद्धकोष्ठ होतं, आता जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, आता विस्फारतात. अंग सैल होतं, आता पाय झाडतो. सुखाची गुंगी होती, आता रात्ररात्र झोप नाही, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. या टर्कीने धडधाकट माणूस सहसा मरत नाही, पण त्याला वाटतं मरणारच. या टप्प्यावर तो मजेसाठी ओढत नसतो. सकाळी ताठ उभं राहता यावं म्हणून ओढत असतो. "मनावर घेतलं तर सुटेल" म्हणणाऱ्यांना हे कधी उमगत नाही. (दारूचं नेमकं उलट आहे, बरं का. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरविना एकदम सोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो.)

नानांचा मुलगा गर्दने गेला, पण गर्द ओढत होता तेव्हा नाही. त्याला गावी नेऊन ठेवला होता. पाच महिने तिथे होता, शेतात राबला, अंग भरलं. परत आला तेव्हा नानींनी चाळभर पेढे वाटले. आठवडा झाला नसेल, तो जिन्याखाली सापडला. सगळे म्हणाले, जास्त झाली. जास्त झालीच नव्हती. नेहमीचीच घेतली होती. पण पाच महिन्यांत कुलपं पुन्हा ताजी झाली होती, आणि पूर्वी जेवढी पचायची तेवढीच आता श्वास थांबवायला पुरेशी झाली. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे. सुटला म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके याच दिवसांत.

त्याच दशकात, १९८६ मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९८५ मध्ये, मादक पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस हा कडक कायदा लागू झाला. तस्करांना त्याने किती अडवलं यावर वाद घालता येईल, पण कॅन्सरच्या रुग्णांना नक्की अडवलं. परवाने इतके आणि शिक्षेचा धाक एवढा की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात वर्षाला अवघं १८ किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरलं गेलं, आणि तेही जगाला अफू पुरवणाऱ्या देशात. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. डॉक्टरने मोजून दिलेलं मॉर्फिन घेणारा कॅन्सरचा रुग्ण गर्दुल्ला नसतो. घरात अशी वेळ आली तर "सवय लागेल" या भीतीने त्याला तळमळत ठेवू नका. हा या लेखातला एकमेव प्रसंग जिथे उलटी चूक जास्त होते.

अमेरिकेने तीच जुनी ठेच नव्याने खाल्ली. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकॉन्टिन नावाची दुखण्यावरची गोळी आली, तिच्यातलं मूळ रसायनही अफूच्याच चिकापासून बनतं. हळूहळू विरघळते म्हणून गैरवापर कमी होईल, असं तिच्या माहितीपत्रकातच छापलं होतं. लोक चुरून घेऊ लागले. गोळ्या महागल्या, दुर्मीळ झाल्या तेव्हा हेरॉइनकडे वळले, आणि मग आलं फेंटानिल. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जोरकस. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाच्या हातात ते चोख औषध आहे, पण चोरट्या पुडीत मिसळलं तर दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे काही कण, जीव घ्यायला पुरतात. २०२१ मध्ये अमेरिकेत एका वर्षात एक लाखावर माणसं मादक पदार्थांच्या अतिसेवनाने गेली, त्यांत सर्वाधिक वाटा याच घराण्याच्या कृत्रिम भावंडांचा.

आपल्याकडे गर्दबरोबर केमिस्टच्या फळीवरचं प्रकरण मोठं आहे. कोडीनचं खोकल्याचं सिरप, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या. कोडीनचा काही भाग यकृत मॉर्फिनमध्येच बदलतं, म्हणून बाटली रिकामी करणाऱ्याला ‘किक’ बसते. ट्रॅमाडॉल २०१८ पर्यंत एनडीपीएसच्या कक्षेतच नव्हतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक या घराण्यातलं काही ना काही घेतात, आणि त्यांतल्या साधारण ७७ लाखांना उपचारांची गरज आहे.

उपचार आहेत. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात, ती कुलपात अर्धवट बसते आणि बराच वेळ बसून राहते. टर्की येत नाही, किकही नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं नातेवाईक म्हणतात. डॉक्टर ते नाकारत नाहीत: होय, याचीही सवय लागते, एकदम बंद करू नका, महिनोन्महिने घ्यावी लागेल. सुईने नशा घेणाऱ्याची सुई सुटली की सुईतून होणाऱ्या एचआयव्ही आणि हेपटायटिस सीचा धोका मात्र टळतो. दोनशे वर्षांत या घराण्यातलं हे पहिलंच औषध असेल जे देताना खरं सांगितलं जातं.

राहिला शेवटचा, कामाचा भाग. कोणी हलवूनही जागं होत नसेल, बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, ओठ-नखं निळसर, श्वास घरघरता आणि फार तुरळक, तर ‘झोपेने उतरेल’ म्हणून पांघरूण घालू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. रुग्णालयात नॅलॉक्सोनचं इंजेक्शन असतं, ते कुलपातली किल्ली ढकलून बाहेर काढतं आणि निळा पडलेला माणूस दोन-चार मिनिटांत डोळे उघडतो. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि रक्तातला गर्द तेव्हाही शिल्लक असू शकतो, म्हणून "आता बरा आहे" म्हणत त्याला लगेच घरी आणू नका. डॉक्टरांना काय घेतलं ते स्पष्ट सांगा, पुडी किंवा गोळ्यांचं पाकीट सापडलं तर दाखवा. पोलिसांच्या भीतीने लोक इथेच खोटं बोलतात आणि "चक्कर आली" म्हणतात. उपचारांसाठी आपणहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएसच्या कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. घरातल्या कोणाचं काय करायचं ते सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.